गेट, गणपती आणि कलम पंचवीस

इंदूर, १८ जुलै २०००

संबोधीदीदी,

जय भीम. मागच्या पत्रात तू तीन पानं मेसच्या आमटीवर लिहिलीस, म्हणून तब्येतीचं विचारत नाही. जी मुलगी आमटीला इतक्या शिव्या देऊ शकते तिची तब्येत फर्स्टक्लासच असणार. सीधा मुद्द्यावर येतो.

चंद्रभान मिलचा ताला या वर्षी उघडणार नाही.

तुला आठवत असेल, मिल बंद होऊन नऊ वर्षं झाली, पण गणपतीच्या आधी दीड महिना गेटमधला छोटा दरवाजा उघडायचा. अप्पा आणि त्यांची गँग कापडाच्या फोल्डिंगच्या शेडमध्ये ट्रॉलीवर झांकी, तोच आपला लायटिंगचा चालता देखावा, बनवायची, आणि अनंत चतुर्दशीला बाकी मिलांच्या झांक्यांच्या मागे आपलीपण निघायची. सगळं शहर ओट्यावर चादरी टाकून बघायला बसतं. यंदा लिक्विडेटर साहेब नाही म्हणाले. लिक्विडेटर म्हणजे बंद मिल विकून टाकायला कोर्टाने बसवलेला माणूस. जमिनीवर कुणाला तरी शॉपिंग कॉम्प्लेक्स बनवायचं आहे, आणि त्याची शर्त आहे की जागा एकदम खाली पाहिजे. साहेबांना कागदावर लिहायचं आहे, 'आत कोणी कामगार येत-जात नाही.' नऊ वर्षं आपला पाय आत आहे तो फक्त झांकीच्या भरोशावर. एक साल पाय बाहेर निघाला की खतम. मग तिथे आपण लिफ्टमधून वर जायचं आणि जीन्स बघून परत यायचं.

अप्पा, तुझे काका, झांकी कमिटीचे अध्यक्ष आहेत हे तुला माहीत आहे. गणपतीला त्यांनी आजपर्यंत हात जोडले नाहीत हेपण माहीत आहे. "मूर्ती तुमची, करंट माझा," असं बोलून ते गेली वीस-बावीस वर्षं झांकीची वायरिंग करून राहिले आहेत. यंदा विषय त्यांनीच ठरवला: राज्यघटनेची पन्नास वर्षं. प्लायवुडचं हे एवढं मोठं पुस्तक, पानं मोटरने उलटतात, प्रत्येक हक्काला एक बल्ब. त्यावरून कमिटीत आधीच महाभारत झालं. आपले गोपीनाथकाका, मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिणारे, म्हणाले की चौथ्या भागाला, ते नीतिनिर्देशक तत्त्ववाल्याला, बल्ब लावू नका, कारण ते कोर्टात मागताच येत नाही, फोकट बिजली जळेल. अप्पा म्हणाले, "गोपीनाथजी, कामाचा हक्क त्याच भागात आहे. मिलमध्ये अंधार केला त्यांनी, आता झांकीतपण करू का?" दोघं दोन दिवस बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी पोहे खाताना बोलले.

तिकडे दिल्लीत आयोग बसलाय घटना बरोबर आहे का बघायला, आणि इथे ताल्यासमोर आमचा आयोग बसलाय. तू त्याच घटनेवर एल.एल.एम. करून राहिली आहेस. बता, कोणतं कलम लावलं तर ताला उघडेल?

तुझा
प्रशिक


पुणे, २६ जुलै २०००

प्रिय प्रशिक,

'करून राहिली' असं इथे कुणी म्हणत नाही. मी एकदा वर्गात म्हटलं तर सर म्हणाले, "आपण विदर्भातल्या का?" मी इंदूर म्हटलं, तर म्हणाले, "अरे वा, तिथे मराठी आहे अजून?" तुझं पत्र वाचून बरं वाटलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर वाईट आहे. कामाचा हक्क, कलम ४१, गोपीनाथकाका म्हणतात तसा चौथ्या भागात आहे, आणि तो भाग घेऊन कोर्टात जाता येत नाही. व्यवस्थापनात कामगारांना भाग द्यावा असंही त्याच भागात लिहिलंय. ते वाचून कोणत्या मिलमालकाने खुर्ची सरकवली ते मला शोधायचं आहे, प्रबंधाला उपयोग होईल. कलम २१ म्हणशील, जगण्याचा हक्क, तर पंधरा वर्षांपूर्वी कोर्टाने फार सुंदर लिहिलं की जगण्यात रोजीरोटी येते. आणि त्याच निकालात फुटपाथवरच्या झोपड्या पावसाळा संपल्यावर हटवायला हरकत नाही असंही लिहिलं. आमच्याकडे पहिला अर्धा भाग परीक्षेला येतो.

पण एक रस्ता आहे. हसू नकोस. कलम २५, धर्मस्वातंत्र्य. ते तिसऱ्या भागात आहे, मूलभूत हक्क आहे, त्याच्यासाठी कोर्ट दार उघडतं. प्रश्न एवढाच की ही प्रथा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का, आणि ते न्यायाधीश ठरवतात. तुम्ही असं म्हणा की या आवारात गणपतीची झांकी बांधणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची धार्मिक प्रथा आहे, जागा बदलली तर ती मोडते. काम मागायला गेलात तर गेट बंद, देव मागायला गेलात तर उघडं. घटनेचा अर्थ लावणं म्हणजे पुष्कळदा एवढंच असतं, की कोणत्या दारावर टकटक करायची.

अर्जाचा मसुदा सोबत आहे. पाच पानं आहेत, माझ्या गाइडना फार आवडला. अर्जदार म्हणून कमिटीच्या अध्यक्षांची सही लागेल.

काकूंना नमस्कार.

संबोधी


इंदूर, ४ ऑगस्ट २०००

दीदी,

एल.एल.एम.मध्ये तुम्हाला अर्जदार कोण आहे ते बघायला शिकवतात का नाही?

दिवाकर वकिलाकडे, स्नेहलतागंजला, कमिटी सगळी गोळा झाली. वकील फी नाही घेत, कारण त्याचे वडीलपण चंद्रभानला होते, पण त्याच्या बदल्यात तो भाषण देतो. त्याने तुझा मसुदा मोठ्याने वाचला. "मी, अर्जदार, श्रीगणेशाचा निस्सीम भक्त असून..." इथपर्यंत आला आणि अप्पांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"हे कोणाबद्दल आहे?"

"तुमच्याबद्दल, बाबूरावजी. अर्जदार तुम्ही."

"मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. त्यात गणपतीचं नाव घेऊन लिहिलंय की मानणार नाही. माझे वडील महूच्या पलटणीत होते, त्यांनी घेतल्या, मी घेतल्या, या पोरालापण दिल्या. आता कोर्टात शपथ घेऊन उलटं बोलू?"

वकील म्हणाला, "भिया, ये तो खाली कागज है."

"तोपण कागदच होता," अप्पा म्हणाले. मिल बंद झाल्याचा, गेटवर चिकटवलेला. सगळ्यांना समजलं.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. एक जण म्हणतो बाबूराव, तीस लोकांचा सवाल आहे. दुसरा म्हणतो, तुम्ही मूर्तीला हार तर आणता दर वर्षी. अप्पा म्हणाले, हार मी कमिटीच्या पैशाने आणतो, अध्यक्ष म्हणून. रेल्वेचा तिकीट बाबू काय प्रत्येक गाडीत बसतो का? गोपीनाथकाका बिचारे बडा गणपती मंदिराच्या गल्लीत जन्मले, मंगळवार सोडत नाहीत, ते कोपऱ्यात बसून म्हणाले, "माझी सही घ्या ना मग." पण ते अध्यक्ष नाहीत, आणि त्यांना वायर आणि सुतळीतला फरक कळत नाही.

घरी आईने एक वेळ भांडी जोराने ठेवली, बस. मग म्हणाली, "गेट उघडलं नाही तर हे दिवसभर घरात बसतील. प्रशिक, तू संबोधीला लिही, दुसरं काही शोध म्हणावं."

तर दुसरं काही शोध.

प्रशिक


पुणे, १२ ऑगस्ट २०००

प्रशिक,

तुझ्या पहिल्या वाक्याचा राग आला, मग बरोबर वाटलं, मग परत राग आला.

खरं सांगायचं तर मी काकांचा, तुझ्या अप्पांचा, विचार केलाच नव्हता. मी 'अर्जदार' असा विचार केला. पण ऐक, मार्ग आहे. गोपीनाथकाकांना अध्यक्ष करा. साधा ठराव, एका ओळीचा. श्रद्धा ज्याची आहे त्याने शपथ घ्यावी, यात खोटं काही नाही. तुझ्या अप्पांनी वायरिंग करावी, जशी ते करतातच. कुणाची प्रतिज्ञा मोडत नाही, गेट उघडतं. एवढं सोपं आहे, आणि तुम्ही वकिलाच्या ऑफिसात त्याचं महाभारत करून ठेवलंत.

एकच अडचण दिसते. झांकीचा विषय राज्यघटना आहे. समोरचा वकील म्हणेल की यात धार्मिक काय? त्याला सांगा की महाभारत व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, तशी राज्यघटनासुद्धा गणपतीनेच लिहून घेतली. बसवा त्याला पुस्तकाजवळ, हातात लेखणी द्या. मग घटना धार्मिक ग्रंथ झाली, समीक्षा आयोगाचीसुद्धा हात लावायची हिंमत होणार नाही!

पुढच्या महिन्यात सेमिनार आहे. या प्रकरणावर पेपर वाचणार आहे: 'श्रमिकांचा धर्म: कलम २५ चे पर्यायी वाचन'. नावं बदलेन.

संबोधी


इंदूर, २४ ऑगस्ट २०००

दीदी,

बधाई हो. अर्ज मंजूर झाला. बैठ जा आणि वाच.

तुझं पत्र मी दिवाकर वकिलाला दिलं. मी स्वतः वाचून समजावलं असतं, पण त्याने हातातून घेतलं, म्हणाला दो पुणेरी वकील मिलके एक इंदोरी वकील बनता है, बघू तर. वाचता वाचता त्याचे डोळे मोठे झाले. "क्या दिमाग है लडकी का!" असं म्हणून त्याने स्टेनोला हाक मारली.

कोर्टात समोरच्या वकिलाने तेच विचारलं जे तू म्हणाली होतीस: पुस्तकाच्या झांकीत धर्म कुठे? आणि आपला दिवाकर उभा राहिला. मी मागच्या बाकावर होतो, अप्पा माझ्या बाजूला. तो म्हणाला, माय लॉर्ड, अर्जदारांची पिढीजात श्रद्धा आहे की विद्येचा प्रत्येक ग्रंथ श्रीगणेश लिहून घेतात, आणि सदर झांकीत ते भारतीय राज्यघटना लिहिताना दाखवलेले आहेत. जज साहेबांनी चश्मा काढला. मग त्यांनी गोपीनाथकाकांना विचारलं, तुमची अशी श्रद्धा आहे? काका अध्यक्ष झाले त्याला तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. त्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी छताच्या पंख्याकडे बघितलं. काका म्हणाले, "जी. आहे."

ऑर्डर अशी: फक्त धार्मिक प्रयोजनासाठी आवार उघडावं, विसर्जनापर्यंत. आत फक्त भाविकांनी जावं. लिक्विडेटरने भाविकांना पास द्यावेत.

आता पासची गंमत ऐक. फॉर्मवर छापलंय, 'मी श्रीगणेशाचा भाविक आहे.' त्याच्याखाली सही. मी केली. शर्म आली, पण केली, कोणीतरी आत पाहिजे ना. अप्पांनी फॉर्म वाचला, घडी केली, परत दिला.

तर बावीस वर्षांत पहिल्यांदा चंद्रभान मिलची झांकी बाबूरावशिवाय बनून राहिली आहे. म्हणजे ते आहेतच. गेटसमोर चहाची गुमटी आहे, तिथे स्टूल टाकून बसतात आणि भिंतीवरून ओरडतात. "प्रशिक, न्यूट्रल बघ! लाल नाही, काळा! काळा रे!" मी आतून ओरडतो, अप्पा इथे दोन काळे आहेत. गेटवरचा उदयसिंह म्हणतो, बाबूरावजी, चलो अंदर, मैं किधर देख रहा हूं. चाळीस वर्षांची ओळख आहे त्याची. अप्पा म्हणतात, "पास नाही ना माझ्याकडे. नियम म्हणजे नियम."

आणि शेडमध्ये पुस्तकाजवळ गणपती बसलाय, लेखणी घेऊन, पहिल्या पानावर. 'आम्ही भारताचे लोक' लिहून राहिला आहे. अप्पांना अजून दाखवलं नाही. भिंत उंच आहे हे बरं आहे.

तुझा भाविक
प्रशिक


तार. पुणे, २९ ऑगस्ट २०००

गणपतीची गोष्ट चेष्टा होती. वकिलाला थांबव. पत्र मागून. संबोधी


पुणे, २९ ऑगस्ट २०००

प्रशिक,

तार मिळाली असेल. मिळून उपयोग नाही हे मला तार करतानाच माहीत होतं, पोस्टातल्या बाईंनीपण दोनदा विचारलं, "नक्की हेच पाठवायचंय?"

अरे, ती चेष्टा होती! शेवटी उद्गारचिन्ह दिलं होतं मी! बाबासाहेबांनी रात्रंदिवस बसून लिहिलेलं पुस्तक आणि त्यावर मी, मी, त्यांच्याच शिष्यवृत्तीवर शिकलेली मुलगी, दुसऱ्याचा हात बसवला. आणि आता ते कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे, गोपीनाथकाकांच्या शपथेवर. पुढे कुणीतरी माझ्यासारखीच विद्यार्थिनी ते शोधून काढेल आणि तळटीप देईल.

तुझ्या अप्पांना सांगितलंस का? सांगू नकोस. नाही, सांग. मूर्ती निदान पुस्तकाच्या बाजूला सरकवा, लेखणी काढा हातातून.

सेमिनार रद्द केला नाही, माझा पेपर काढून घेतला. गाइड म्हणाल्या, "इतकं चांगलं उदाहरण होतं." मी म्हटलं, उदाहरण माझे काका आहेत.

काकांना माझ्याकडून काही बोलू नकोस. मीच लिहीन, सुचलं की.

संबोधी


इंदूर, १३ सप्टेंबर २०००

चि. संबोधीस,

जय भीम. तू लिहीन म्हणालीस आणि लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहितो. अक्षर वाकडं येईल, कारण मी ट्रॉलीवर बसलो आहे.

प्रशिकने मला सगळं सांगितलं. मला राग आला. पहिले वकिलाचा आला, मग तुझा, मग गोपीनाथचा. गोपीनाथ घरी आला, तुझ्या काकूने, चंपाने, त्याला पाणी दिलं, आणि तो पाणी न पिता रडायला लागला. म्हणाला, बाबूराव, जज साहेबांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो असतो तर गेट गेलं असतं, आणि हो म्हणालो तर तू गेलास. आता ह्याच्यावर काय रागवायचं. मी म्हटलं पाणी पी.

लेखणी काढली नाही. कोर्टात जसं बोललो तसंच पाहिजे, असं दिवाकर म्हणाला, नाहीतर समोरचा वकील फोटो काढून नेईल. काल झांकी गेटातून बाहेर आली तेव्हा मी पहिल्यांदा बघितली. वायरिंग प्रशिकने ठीक केली आहे. लोकांनी चिल्लर टाकली, हात जोडले, बायकांनी पोरांची डोकी टेकवली. एका मास्तरने पोराला सांगितलं, "बघ, आपलं संविधान." पोराने विचारलं, "याची आरती कोणती?" मी ट्रॉलीच्या मागे चालत होतो. रस्ता सगळ्यांचा आहे, तिथे पास लागत नाही.

सकाळी विसर्जन झालं. मूर्ती गेली. ट्रॉली घेऊन आम्ही मिलवर परत आलो, तर गेटला नवा ताला. लिक्विडेटर साहेबांचा माणूस उभा. म्हणाला, धार्मिक प्रयोजन संपलं, ऑर्डर विसर्जनापर्यंतची होती, हे पुस्तक तुम्ही तुमच्या घरी न्या. सोळा फुटी पुस्तक, माझ्या दोन खोल्यांत. उदयसिंह मान खाली घालून बसला होता. मग एकेक जण घरी गेला, झोपला नव्हता ना कोणी. राहिलो मी, प्रशिक आणि गोपीनाथ.

मी ट्रॉलीवर चढलो. आता यावर मूर्ती नाही, म्हणून चढलो.

तुझ्यासाठी काम आहे. नवा अर्ज लिही. अर्जदार बाबूराव, धर्म बौद्ध, धंदा इलेक्ट्रिशियन, चंद्रभान मिल. मागणी: गेट उघडा, आम्ही इथे काम केलं आहे. दुसरं कारण लिहू नको. तू म्हणशील काका, हे चौथ्या भागात येतं, हे चालत नाही, आपण हरू. प्रशिकने वाचून दाखवलं आहे मला ते. मीपण झांकीच्या बल्बचा नकाशा काढताना त्या भागाचं पान या वर्षी पुष्कळ वेळा वाचलं, मला त्यात कुठे लिहिलेलं दिसलं नाही की मागू नका. कोर्टाने देऊ नये असं असेल. मागायला मी मागणार. हरलो तर तुला एक नवा पेपर मिळेल, नाव बदलू नको.

सोबत कोऱ्या कागदावर सही करून पाठवतो. अशी सही करू नये हे मला कळतं. पहिल्या अर्जावर केली नाही, म्हणून या अर्जावर आधीच करतो.

हे लिहिता लिहिता ट्राफिकची क्रेन आली आहे. रस्त्यात ट्रॉली उभी आहे असा रिपोर्ट गेला. क्रेनचा ड्रायव्हर खाली उतरला, त्याने पुस्तकाकडे बघितलं, चपला काढल्या. मला विचारलं, "चाचा, इसमें भगवान हैं क्या? भगवान होंगे तो मैं हाथ नहीं लगाऊंगा, साहब को बोल दूंगा दूसरी भेजो." दुसरी क्रेन आज यायची नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. गोपीनाथ माझ्या पायाशी उभा होता. हळूच म्हणाला, "हो म्हण, बाबूराव. एकदा."

मी नाही म्हणालो. यात भगवान नाही, राज्यघटना आहे, असं सांगितलं.

त्याने चपला घातल्या आणि हुक लावला. प्रशिक भांडून राहिला आहे, त्याला भांडू दे. मी उतरलो नाही. ठाण्यात नेतात की नगर निगमच्या यार्डात, ते अजून ठरलं नाही. अर्ज चंपाच्या नावाने घरी टाक, मी पुस्तकाबरोबर जातो आहे.

तुझा काका
बाबूराव